पुरे, पुरेल, पुरेसं: इंग्रजीत ‘इनफ’ आणि ‘सफाइस’ कुठे, कसं वापरायचं

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पाणी पुरत नाही’ हे तीन शब्द इंग्रजीत टाकायचे असतात. शब्दकोश उघडला की ‘पुरणे’समोर ‘सफाइस’ दिसतं आणि वाक्य तयार होतं: ‘वॉटर इज नॉट सफाइसिंग’. असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही. म्हणतात, ‘देअर इझन्ट इनफ वॉटर.’ शब्दकोश चुकलेला नाही. मराठीत पुरण्याचं जवळजवळ सगळं काम एका क्रियापदावर आहे. इंग्रजीनं तेच काम पाच-सहा शब्दांना वाटून दिलंय आणि ‘सफाइस’च्या वाट्याला त्यातला अगदी छोटा, कागदोपत्री तुकडा आला आहे.

मराठी माध्यमातून शिकून ऐरोली, महापे किंवा बेलापूरच्या ऑफिसात नव्यानं रुजू झालेल्यांसाठी, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून परगावी ईमेल धाडणाऱ्यांसाठी आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी हे वाटप इथे पायरीपायरीनं मांडलं आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ती मोठ्यानं म्हणून बघता येतील. म्हणून बघाच. या शब्दांच्या बहुतेक चुका डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळतात.

पायरी १: शब्द शोधण्याआधी विचारा, नेमकं काय पुरायला हवंय?

वस्तू किंवा संख्या पुरायची असेल तर ‘इनफ’. ‘खुर्च्या पुरतील का?’ म्हणजे ‘आर देअर इनफ चेअर्स?’ इथे ‘देअर’ विसरायचं नाही. मराठीत ‘पुरतात’ या एका शब्दात ‘आहेत’ आणि ‘पुरेशा’ दोन्ही येतात, इंग्रजीत ते वेगळे मांडावे लागतात. सुरुवातीच्या पाण्याच्या वाक्यातली अडचण हीच होती.

काळ पुरायचा असेल तर ‘लास्ट’. ‘हा सिलिंडर आम्हाला महिनाभर पुरतो’: ‘धिस सिलिंडर लास्ट्स अस अ मंथ.’ ‘आम्हाला’साठी नुसतं ‘अस’, मध्ये ‘टु’ नको. हा शब्द माहीत नसल्यामुळे लोक ‘इट इज इनफ फॉर वन मंथ’ म्हणतात. तेही चालतं, पण रोजच्या बोलण्यात ‘लास्ट’ जास्त सहज येतं.

सगळ्यांना वाटून पुरायचं असेल तर ‘गो राउंड’. पेढ्यांचा पुडा उघडला आणि माणसं जास्त दिसली, की ‘आर देअर इनफ टु गो राउंड?’

‘भागेल’, ‘चालेल’ अशा अर्थानं असेल तर ‘डू’. निळं पेन नाही, काळ्यानं भागेल: ‘अ ब्लॅक वन विल डू.’ कमी असूनही निभावून नेलं असेल तर ‘मेक डू विथ’. टँकर आला नाही, दोन बादल्यांवर भागवलं: ‘वी मेड डू विथ टू बकेट्स.’ पगारात भागत नाही याला ‘गेट बाय’: ‘आय कान्ट गेट बाय ऑन धिस सॅलरी.’

आणि पुरावा, कागदपत्र, अट, कारण असं काही पुरायचं असेल, तेव्हा ‘सफाइस’ आणि ‘सफिशंट’ यांची पाळी येते. त्यांच्याकडे पाचव्या पायरीत येऊ.

याच पायरीवर मराठीतली काही फसवी रूपं बाजूला काढून ठेवा. ‘पुरवणे’चे दोन अर्थ आहेत. ‘तेल महिनाभर पुरव’ म्हणजे ‘मेक द ऑइल लास्ट द मंथ’, आणि ‘महापालिका पाणी पुरवते’ म्हणजे ‘सप्लाइज’. ‘ती सगळ्यांना पुरून उरते’ यात पुरण्याचा हिशेबच नाही, ते ‘शी इज मोअर दॅन अ मॅच फॉर देम ऑल’. ‘पुरता फसला’ मधला ‘पुरता’ म्हणजे ‘कम्प्लीटली’. ‘नावापुरता अध्यक्ष’ म्हणजे ‘चेअरमन इन नेम ओन्ली’. पण ‘दोघांपुरता भात’ मात्र खरोखर ‘जस्ट इनफ राइस फॉर टू’. म्हणजे ‘-पुरता’ दिसला की आधी थांबून मोजा: इथे काही मोजता येतंय का? येत असेल तरच ‘इनफ’.

पायरी २: ‘इनफ’ची जागा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश जा.

मराठीत ‘पुरेसा’ नेहमी पुढे बसतो. पुरेशा खुर्च्या, पुरेसं मोठं, पुरेशी झोप. इंग्रजीत ‘इनफ’ नामाच्या आधी येतो आणि विशेषणाच्या नंतर. ‘इनफ चेअर्स’, पण ‘बिग इनफ’. मराठी घडण तशीच उचलली की ‘इनफ बिग’ तयार होतं, आणि ही चूक वर्षानुवर्षं इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही जिभेवर राहते.

कुठला शब्द नाम आणि कुठला विशेषण हे बोलताना आठवत बसायला वेळ नसतो. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे: त्या शब्दाआधी ‘व्हेरी’ लावून बघा. ‘व्हेरी बिग’ जुळतं, म्हणून ‘बिग इनफ’. ‘व्हेरी फास्ट’ जुळतं, म्हणून ‘फास्ट इनफ’. ‘व्हेरी चेअर्स’ जुळत नाही, म्हणून ‘इनफ चेअर्स’. ‘व्हेरी मनी’ जुळत नाही, म्हणून ‘इनफ मनी’. ‘व्हेरी’ जुळला की ‘इनफ’ मागे, नाही जुळला की पुढे.

क्रियापद असेल तर ‘इनफ’ त्याच्याही मागे जातो: ‘ही डझन्ट प्रॅक्टिस इनफ’, तो पुरेसा सराव करत नाही. झोपेचं वाक्य दोन्ही तऱ्हांनी करता येतं, ‘आय डोन्ट स्लीप इनफ’ किंवा ‘आय डोन्ट गेट इनफ स्लीप’. पहिल्यात ‘स्लीप’ क्रियापद आहे, दुसऱ्यात नाम, म्हणून ‘इनफ’नं जागा बदलली. ही दोन वाक्यं पाठोपाठ पाच वेळा म्हटली तर नियम आपोआप बसतो.

विशेषण आणि नाम दोन्ही आले की अर्थच बदलू शकतो. समजा वाशीत वार्षिक सभेसाठी सभागृह शोधताय. ‘वी कुडन्ट फाइंड अ बिग इनफ हॉल’ म्हणजे पुरेसं मोठं सभागृह मिळालं नाही. ‘देअर आरन्ट इनफ बिग हॉल्स’ म्हणजे मोठी सभागृहं आहेत, पण त्यांची संख्या अपुरी आहे. एक तक्रार आकाराची, दुसरी संख्येची. अहवालात ही अदलाबदल झाली तर वाचणारा भलतीच सोय करून ठेवेल.

‘बेटर’, ‘बिगर’ अशा तुलनेच्या रूपांना ‘इनफ’ लागत नाही, ‘बिगर इनफ’ असं काही नाही. ‘टाइम इनफ’, ‘रीझन इनफ’ अशी नामाच्या मागे ‘इनफ’ ठेवणारी रचना वाचनात येईल. ती चूक नाही, जुन्या वळणाची आहे. ओळखा, पण अजून उचलू नका.

क्रियापदाच्या वचनाचाही इथेच निकाल लावू. रक्कम, अंतर, वेळ हे एकत्र धरले जातात, म्हणून एकवचन: ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ’, ‘टू डेज इज इनफ’. सुट्या मोजायच्या वस्तू असतील तर अनेकवचन: ‘टेन चेअर्स आर इनफ’.

पायरी ३: मागची शेपटी, ‘फॉर’, ‘टु’ आणि ‘ऑफ’

कोणाला पुरेल हे ‘फॉर’नं सांगायचं: ‘इनफ फॉर टेन पीपल’. मराठीत ‘दहा जणांना’ म्हणतो, त्या ‘ना’चं ‘टु’ करून ‘इनफ टु टेन पीपल’ होतं. ते टाळा. कशासाठी पुरेल हे क्रियापदानं सांगायचं असेल तर ‘टु’: ‘इनफ टु फीड टेन पीपल’. दोन्ही एकत्रही येतात: ‘द रूम इज बिग इनफ फॉर अस टु सिट टुगेदर.’

‘टु’च्या रचनेत एक खड्डा आहे. ‘हा खोका उचलता येईल इतका हलका आहे’ याचं ‘द बॉक्स इज लाइट इनफ टु लिफ्ट इट’ होतं. शेवटचा ‘इट’ काढून टाका. खोका वाक्याच्या सुरुवातीला आलेलाच आहे, तो पुन्हा मोजला जातोय. ‘द बॉक्स इज लाइट इनफ टु लिफ्ट’, इथेच थांबायचं.

‘ऑफ’ फक्त ठरावीक गोष्टीआधी लागतो, म्हणजे ‘द’, ‘धिस’, ‘माय’, ‘देम’ असे शब्द मध्ये असतील तेव्हा. ‘इनफ वॉटर’ बरोबर, ‘इनफ ऑफ वॉटर’ चूक, ‘इनफ ऑफ द वॉटर’ पुन्हा बरोबर, पण ‘त्या पाण्यापैकी पुरेसं’ या अर्थानं.

पायरी ४: जेमतेमपासून भरपूरपर्यंत

‘जस्ट इनफ’ म्हणजे जेवढ्यास तेवढं. ‘बेअर्ली इनफ’ म्हणजे जेमतेम, त्यात ओढाताण दिसते. ‘हार्डली इनफ’ म्हणजे जवळजवळ अपुरंच. ‘मोअर दॅन इनफ’ म्हणजे पुरून उरेल. ‘प्लेंटी’ घरगुती भरपूर, आणि ‘अँपल’ ऐसपैस. घोडबंदर रोडवरच्या घरांच्या जाहिरातींत ‘अँपल पार्किंग’ लिहितात ते याचसाठी. ‘इनफ पार्किंग’ म्हटलं तर प्रत्येकाची गाडी कशीबशी मावते एवढंच कळतं, ‘अँपल’ म्हटलं की वळवायलाही जागा आहे असं वाटतं.

खाली उतरताना ‘टू लेस’ म्हणू नका. मिठाला ‘टू लिटल सॉल्ट’, माणसांना ‘टू फ्यू पीपल’. यापेक्षा सोपं म्हणजे ‘नॉट इनफ’ दोन्हीकडे चालतं, मोजता येणाऱ्या वस्तूंना आणि न येणाऱ्यांनाही. गडबडीत हाच मार्ग घ्या.

पायरी ५: ‘सफाइस’

आधी उच्चार. स्पेलिंग एस, यू, डबल एफ, आय, सी, ई. ‘ऑफिस’च्या शेवटची अक्षरं अगदी हीच आहेत, म्हणून लोक ‘सफिस’ म्हणून मोकळे होतात. बरोबर उच्चार ‘सफाइस’, जोर ‘फाइस’वर. शेवट ‘सॅक्रिफाइस’सारखा. ‘सफिशंट’मध्येही जोर मधल्या ‘फि’वर. आपल्याकडे तो ‘स-फि-शि-यंट’ असा चार ठोक्यांत म्हणतात, तो तीन ठोक्यांचा आहे. ‘इनफ’चा जोर ‘नफ’वर. या तिन्ही शब्दांतला ‘फ’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. दोन्ही ओठ मिटून म्हटलेला ‘फळ’मधला ‘फ’ इथे बसत नाही.

‘इनफ’च्या स्पेलिंगमधल्या ‘जीएच’चं कोडं शब्दाच्या वयात आहे. हा जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द, जर्मन ‘गेनूक’चा भाऊबंद. त्याच्या शेवटी पूर्वी घशातून येणारा खरखरीत आवाज होता. कालांतरानं त्याचा ‘फ’ झाला, स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. ‘रफ’, ‘टफ’, ‘कॉफ’ (खोकला) यांच्याबाबत हेच घडलं. ‘सफाइस’ आणि ‘सफिशंट’ मात्र लॅटिनमधून, ‘सफाइस’ तर फ्रेंचच्या वाटेनं, पाहुणे म्हणून आले आणि दरबार, न्यायालय, ग्रंथ यांत रुळले. मराठीत याला अगदी जवळची जोडी आहे: ‘इनफ’ म्हणजे ‘पुरे’, आणि ‘सफिशंट’ म्हणजे ‘पर्याप्त’. पोळी वाढणाऱ्या आईला आपण ‘पर्याप्त’ म्हणत नाही. तसंच ‘सफिशंट’ ताटावर म्हणायचं नाही. हे एवढं लक्षात ठेवलं तर शब्दनिवडीचे निम्मे प्रश्न सुटतात.

आता वापर. ‘सफाइस’ हे क्रियापद आहे, म्हणून त्याच्याआधी ‘इज’ किंवा ‘आर’ नको. ‘धिस इज सफाइस’ चूक. ‘-इंग’ही नको, कारण पुरणं ही इंग्रजीत स्थिती धरली जाते, चालू असलेली क्रिया नाही. बहुतेक वेळा ते ‘विल’, ‘वुड’, ‘शुड’ यांच्या मागे येतं: ‘अ सेल्फ-अटेस्टेड कॉपी विल सफाइस’, स्वसाक्षांकित प्रत पुरेल. प्रश्न विचारताना ‘वुड अ स्कॅन्ड कॉपी सफाइस?’ हे छान, नम्र वाक्य आहे. पाठ करून ठेवण्याजोगं.

पण कोण कोणाला म्हणतंय ते बघा. मागणाऱ्यानं ‘पुरेल’ म्हटलं तर ती सवलत असते. देणाऱ्यानं म्हटलं तर ‘एवढ्यावर भागवा’ असा सूर लागतो. साहेबांना अहवाल पाठवून खाली ‘धिस शुड सफाइस’ लिहिलं, तर तुमच्या मनात नसलेला उद्धटपणा त्यात वाचला जाऊ शकतो. त्याऐवजी ‘प्लीज लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग एल्स’ लिहा. आणि जिथे ‘इनफ’नं काम होतंय, तिथे भारदस्त दिसावं म्हणून ‘सफाइस’ आणू नका. ‘टू समोसाज विल सफाइस’ व्याकरणानं बरोबर आहे, पण कँटीनमध्ये ते वकिली नोटिशीसारखं वाटतं.

‘सफाइस इट टु से’ ही रचना वेगळी पाठ करा. अर्थ ‘एवढंच सांगतो की’, तपशिलात न जाता मुद्दा सांगायचा तेव्हा. इथे ‘सफाइसेस’ होत नाही, कारण ते जुनं इच्छार्थी रूप आहे, ‘एवढं सांगणं पुरे असो’ असं. हल्ली ‘सफाइस टु से’ असंही दिसतं, पण परीक्षेत पूर्ण रूप लिहिलेलं सुरक्षित. गणितात मात्र ‘इट सफाइसेस टु शो दॅट’ असं येतं, ‘एवढं दाखवलं तरी पुरे’. तिथे ते साधं वर्तमानकाळी क्रियापद आहे, म्हणून शेवटी ‘-एस’ लागतो.

पायरी ६: ‘सफिशंट’, ‘अ‍ॅडिक्वेट’ आणि कागदावरचं वजन

‘सफिशंट’ विशेषण आहे आणि सरळ नामाआधी बसतं: ‘सफिशंट टाइम’, ‘सफिशंट एव्हिडन्स’. जागेचा घोळ नाही, म्हणून लिहिताना गोंधळ झाला तर हा शब्द सोयीचा. ‘सफिशंट इनफ’ मात्र कधीही लिहू नका, त्यात ‘पुरेसं’ दोनदा येतं.

काही ठिकाणी हा शब्द बदलताच येत नाही, कारण तो तिथे पारिभाषिक आहे. चेक परत आला की बँकेच्या मेमोवर ‘फंड्स इनसफिशंट’ असं कारण असतं. तिथे ‘नॉट इनफ मनी’ कुणी छापणार नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, चेकसारख्या कागदांचा कायदा) याचं कलम १३८ याच अपुरेपणावर उभं आहे. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवस चेक देणाऱ्याला पैसे भरायला मिळतात. म्हणून अशा पत्रात कलमातलाच शब्द, ‘इनसफिशंट’, ठेवा, स्वतःचा पर्याय घालू नका. मुदतीनंतर अपील किंवा अर्ज दाखल करताना मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ५ खाली ‘सफिशंट कॉज’ दाखवावं लागतं. ‘गुड इनफ रीझन’ म्हणजे रोजच्या बोलण्यात तेच, पण अर्जात ते शोभत नाही.

गणित आणि तर्कशास्त्रातली ‘नेसेसरी अँड सफिशंट कंडिशन’, म्हणजे आवश्यक आणि पुरेशी अट, नव्या विद्यार्थ्यांना फार छळते. ठाण्याहून वाशीला जायचं आहे असं धरा. ट्रान्स-हार्बरची लोकल त्यासाठी पुरेशी आहे, पण आवश्यक नाही, कारण बसनंही जाता येतं. उलट लोकलनं रीतसर जायचं तर तिकीट किंवा पास आवश्यक आहे, पण तेवढंच पुरेसं नाही, गाडीही यायला हवी. ‘अ टिकेट इज नेसेसरी बट नॉट सफिशंट.’ संख्यांत हेच असं: ४ नं भाग जाणं हे सम संख्या असण्यासाठी पुरेसं आहे, आवश्यक नाही. ६ ला ४ नं भाग जात नाही, तरी ती सम आहे.

‘अ‍ॅडिक्वेट’कडे जरा सावधपणे बघा. त्याचा उच्चार ‘अ‍ॅडिक्वट’कडे झुकतो आणि जोर पहिल्या अक्षरावर असतो. शब्दकोशात अर्थ ‘पुरेसा’, पण रोख प्रमाणापेक्षा दर्जावर, आणि तो दर्जा उत्तीर्ण होण्यापुरता. ‘अ‍ॅडिक्वेट व्हेंटिलेशन’, ‘अ‍ॅडिक्वेट ड्रेनेज’ अशा तांत्रिक लिखाणात तो नेमका आणि चांगला शब्द आहे. माणसाच्या कामाबद्दल मात्र ‘युवर वर्क इज अ‍ॅडिक्वेट’ म्हणजे ‘ठीक आहे, चालवून घेऊ’. वार्षिक मूल्यमापनात सहकाऱ्याचं कौतुक करायला हा शब्द वापरलात तर त्याला दुखेल, आणि तुमच्या मूल्यमापनात तो दिसला तर खूश होऊ नका. ‘गुड इनफ’चंही तेच. ‘युवर इंग्लिश इज गुड इनफ’ ही शाबासकी नाही, ‘काम चालून जाईल’ एवढंच. शाबासकी द्यायची तर सरळ ‘व्हेरी गुड’ म्हणा.

‘सेल्फ-सफिशंट’ म्हणजे स्वयंपूर्ण. त्याचं ‘सेल्फ-इनफ’ होत नाही. पुरण्याच्या या लॅटिन घराण्यातला एक शब्द ऑफिसात रोज भेटतो आणि ओळख देत नाही: ‘अ‍ॅसेट’. लॅटिनमध्ये ‘सॅटिस’ म्हणजे पुरे, त्यातून जुन्या फ्रेंच कायदेभाषेत ‘देणी फेडायला पुरेशी मालमत्ता’ असा अर्थ झाला आणि पुढे नुसती मालमत्ता. ‘सॅटिसफाय’ त्याच घरातला.

पायरी ७: तोंडी ‘बास’

जेवणाच्या ताटावर ‘बास, बास’ म्हणायचंय. इंग्रजीत ‘दॅट्स इनफ, थँक यू’, किंवा जास्त गोडीनं ‘दॅट्स प्लेंटी, थँक यू’. ‘थँक यू’ गाळलात आणि आवाज चढला तर ‘दॅट्स इनफ!’ म्हणजे ‘पुरे आता!’, भांडणाऱ्या मुलांना म्हणतात तसं. नुसतं ‘इनफ!’ त्याहून कडक.

‘मला पुरे’चं ‘आय अ‍ॅम इनफ’ करू नका. त्याचा अर्थ ‘मी एकटा पुरेसा आहे’. ताटावर म्हणायचं तर ‘आय हॅव्ह हॅड इनफ, थँक यू’. इथेही शेवटचे दोन शब्द सगळा भार उचलतात, कारण ‘आय हॅव्ह हॅड इनफ’ एवढंच म्हटलं किंवा पुढे ‘ऑफ धिस’ लावलं, तर ‘मला याचा वीट आलाय’ असं होतं. ‘आय हॅव्ह हॅड इनफ ऑफ धिस जॉब’ हे मॅनेजरसमोर बोलण्याआधी दुसरी नोकरी हातात असावी. ‘इनफ इज इनफ’ त्याच्या पुढची पायरी: आता हद्द झाली.

आभार मानताना ‘आय कान्ट थँक यू इनफ’ म्हटलं जातं. नवख्या कानाला ‘मी पुरेसे आभार मानू शकत नाही’ हे विचित्र वाटतं, पण भाव ‘किती आभार मानू, कमीच पडतील’ असा आहे. मनापासूनचं वाक्य आहे, निःसंकोच वापरा.

विशेषणाला चिकटलेल्या काही ठरलेल्या जोड्या आहेत, त्यांचं भाषांतर करायचं नाही, अर्थ लक्षात ठेवायचा. ‘फेअर इनफ’ म्हणजे ‘ठीक, पटलं’. मीटिंगमध्ये समोरच्याचा मुद्दा मान्य करताना फार उपयोगी. ‘शुअर इनफ’ म्हणजे ‘आणि झालंही तसंच’. ‘ऑडली इनफ’ आणि ‘फनिली इनफ’ म्हणजे ‘नवल म्हणजे’. ‘इनफ सेड’ म्हणजे ‘पुढचं सांगायला नको’.

सराव

ठाणे ते वाशी हा लोकलचा साधारण अर्ध्या तासाचा प्रवास या सरावासाठी चांगला आहे. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी स्टेशनं जातील तसं दोन स्टेशनांमध्ये एक वाक्य मनात इंग्रजीत करा. दिसेल त्यावरच करा: बसायला जागा पुरेशी आहे का, पंख्याचा वारा पुरतोय का, मोबाइलची बॅटरी वाशीपर्यंत पुरेल का. शेवटच्यात ‘लास्ट’ आला तर पहिली पायरी पक्की झाली.

खालची वाक्यं आधी स्वतः करा, मग उत्तर बघा.

‘टाकीत दोन दिवसांपुरतंच पाणी आहे.’ उत्तर: ‘देअर इज ओन्ली इनफ वॉटर इन द टँक फॉर टू डेज.’

‘गडकरी रंगायतनला पोचायला अर्धा तास पुरेल.’ उत्तर: ‘हाफ अ‍ॅन अवर विल बी इनफ टु गेट टु गडकरी रंगायतन.’ ‘हाफ अ‍ॅन अवर विल डू’ म्हटलंत तरी चालेल.

‘दोन किलो बटाटे बारा जणांना पुरणार नाहीत.’ उत्तर: ‘टू किलोज ऑफ पोटेटोज वोन्ट बी इनफ फॉर ट्वेल्व्ह पीपल.’

‘साबण जेमतेम आठवडाभर पुरला.’ उत्तर: ‘द सोप बेअर्ली लास्टेड अ वीक.’

‘मिसळ पुरेशी तिखट नाही.’ उत्तर: ‘द मिसळ इझन्ट स्पायसी इनफ.’ ‘व्हेरी स्पायसी’ जुळतं, म्हणून ‘इनफ’ मागे.

‘आधारची झेरॉक्स पुरेल का?’ याची दोन उत्तरं. खिडकीवर उभे असाल तर ‘विल अ फोटोकॉपी डू?’ आणि ईमेलमध्ये ‘वुड अ फोटोकॉपी ऑफ माय आधार कार्ड सफाइस?’ ‘झेरॉक्स’ हे कंपनीचं नाव आहे. आपल्याकडे सगळे समजतात, पण परदेशी वाचणाऱ्यासाठी ‘फोटोकॉपी’ लिहा.

‘त्याच्याकडे पुरेसा अनुभव आहे, पण तो पुरेसा शांत नाही.’ उत्तर: ‘ही हॅज इनफ एक्स्पीरियन्स, बट ही इझन्ट काम इनफ.’ मराठीत ‘पुरेसा’ दोन्हीकडे पुढेच बसला. इंग्रजीत एकदा पुढे, एकदा मागे. हे वाक्य न अडखळता आलं तर दुसरी पायरी पुन्हा वाचायची गरज नाही. अडखळलात तर ‘व्हेरी’ची चाचणी लावून तेच वाक्य पुन्हा म्हणा.